घरी 82, पुण्यात 97: पंधराव्या वर्षी प्रोफेशनल व्हावं का?

पत्र: माझी मुलगी 15 वर्षांची आहे, दहावीत शिकते. चार वर्षांपासून गोल्फ खेळते. शहराजवळच्या नऊ होलच्या कोर्सवर दोनदा फिरून तिचे 82च्या आसपास स्ट्रोक (फटके) होतात, हँडिकॅप (पातळीनुसार मिळणारी स्ट्रोकची सूट) 9.5 आहे. मागच्या महिन्यात पुण्याला पहिल्यांदा बाहेरची दोन दिवसांची स्पर्धा खेळली, तिथे 94 आणि 97 झाले. दुसऱ्या दिवशी तेराव्या एकाच होलवर 11! तेव्हापासून गप्प आहे. तिचे बाबा म्हणतात, शाळेचं ओझं कमी करू आणि प्रोफेशनल करून टाकू, म्हणजे गांभीर्य येईल. एका अकॅडमीने लहान मुलांना शिकवायला तासावर पैसे देऊ केलेत, एक दुकानदार स्टिक्सचा सेट फुकट देतोय. अमॅच्युअर राहून काही करिअर होतं का? दोन्ही दिवसांची स्कोअरकार्डं आणि तिच्या वहीतल्या नोंदी सोबत पाठवते.
एक आई, गंगापूर रोड, नाशिक
ता. क. रविवारी आमच्या इथल्या स्पर्धेत होल-इन-वनला स्कूटर ठेवली आहे. मुलीने घेतलेली चालेल का?

उत्तर:

ताई,

आधी अकॅडमीला नकार कळवा. बाकीचं सावकाश ठरवता येईल, हे एवढं थांबवू नका. गोल्फ शिकवण्याचे पैसे घेतले की अमॅच्युअर स्टेटस जातं, मग ते तासाचे दोनशे असोत की दोन हजार. ते परत मिळवायचं तर इंडियन गोल्फ युनियनकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या काळात ज्या स्पर्धांमुळे मुलगी पुढे जाणार त्यांचीच दारं बंद असतात. तिला लहान मुलांना शिकवायची हौस असेल तर फुकट शिकवू दे, त्याला कुणाची हरकत नाही.

दुकानदाराचा सेट मात्र घ्यायला हरकत नाही. 1 जानेवारी 2022पासून अमॅच्युअरचे नियम बरेच सुटसुटीत झाले. प्रायोजक, फुकट साहित्य, प्रवासखर्चाला मदत, जाहिरातीत नाव, हे सगळं आता चालतं. न चालणाऱ्या गोष्टी मोजक्या उरल्यात: 700 पौंड किंवा तेवढ्या किमतीच्या वरचं बक्षीस, शिकवण्याची फी, क्लबात प्रोफेशनल म्हणून नोकरी, प्रोफेशनल खेळाडूंच्या संघटनेचं सभासदत्व आणि स्पर्धेत प्रोफेशनल म्हणून उतरणं. रोख बक्षिसाचा एक बारकावा लक्षात ठेवा: 700 पौंडांच्या आतलं रोख बक्षीस फक्त ग्रॉस स्कोअरच्या, म्हणजे प्रत्यक्ष मारलेले स्ट्रोक मोजणाऱ्या, स्पर्धेत घेता येतं. हँडिकॅप वजा करून लागलेल्या निकालात रोख पाकीट मिळालं तर ते परत करायचं, कप घरी आणायचा.

सेट घेताना एक बघा. दुकानात 'लेडीज' म्हणून जो सेट पुढे केला जातो त्याच्या शाफ्ट, म्हणजे दांड्या, फार लवचीक असतात. स्पर्धा खेळणारी, जोरात मारणारी मुलगी त्या स्टिकने चेंडू डावीकडे ओढते आणि दोष स्वतःच्या स्विंगला देत बसते. तिची उंची, मनगटापासून जमिनीचं अंतर आणि स्विंगचा वेग मोजून शाफ्ट ठरवा. बॅगेत 14पेक्षा जास्त स्टिक्स ठेवायच्या नाहीत. नव्या सेटच्या आनंदात जुनी वेज बॅगेच्या तळाशी राहून जाते आणि मग प्रत्येक होलला दोन, जास्तीत जास्त चार स्ट्रोकचा दंड बसतो.

आता तिच्या बाबांच्या म्हणण्याकडे. प्रोफेशनल झाल्याने गांभीर्य येत नाही, एंट्री फी वाढते. आणि ताकद अजमावायला त्याची गरजही नसते. आपल्याकडच्या महिलांच्या प्रो टूरवर अमॅच्युअर मुली प्रोफेशनलांच्या बरोबरीने खेळतात, फक्त बक्षिसाची रक्कम घेत नाहीत. बंगळुरूच्या अदिती अशोकने 2011मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या टूरवरची स्पर्धा अमॅच्युअर म्हणून जिंकली होती. तरी ती पुढची चार वर्षं अमॅच्युअरच राहिली. 2015मध्ये ब्रिटिश लेडीज अमॅच्युअर स्ट्रोक प्ले जिंकली, त्याच डिसेंबरात युरोपच्या टूरची पात्रता स्पर्धा जिंकली आणि मग 1 जानेवारी 2016ला प्रोफेशनल झाली. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिक, पुढे टोकियोत चौथी, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रौप्य. हा क्रम बाबांना नीट दाखवा. टूरवरची जागा आधी पक्की झाली, शिक्का नंतर बसला. न्यूझीलंडच्या लिडिया कोने 2012मध्ये पंधराव्या वर्षी कॅनेडियन विमेन्स ओपन जिंकली तीही अमॅच्युअर म्हणून. पहिल्या क्रमांकाचं बक्षीस तिने सोडलं, आणि त्याने तिचं काही अडलं नाही.

अमॅच्युअर राहूनच करिअर होतं का, हा तुमचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. होतं, आणि चांगलं लांबलचक होतं. अमेरिकेच्या कॅरल सेम्पल थॉम्पसन कधीच प्रोफेशनल झाल्या नाहीत. 1973मध्ये यूएस विमेन्स अमॅच्युअर, 1974मध्ये ब्रिटिश, पुढे 1990 आणि 1997मध्ये मिड-अमॅच्युअर (25 वर्षांपुढच्यांची), 1999 ते 2002 सलग चार वर्षं सीनियर. अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड अशी अमॅच्युअर महिलांची जी कर्टिस कप लढत 1932पासून चालते, ती त्या बारा वेळा खेळल्या. 2002च्या कपात निर्णायक ठरलेला 27 फुटांचा पट (ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावरून, होलकडे मारायचा फटका) त्यांनी घातला तेव्हा त्यांचं वय 53 होतं. एलन पोर्ट शाळेत शिक्षिका होत्या आणि नोकरी सांभाळून अमेरिकेची सात राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवली. जोॲन कार्नर पाच वेळा यूएस अमॅच्युअर जिंकून, तिशीत पोचल्यावर प्रोफेशनल झाल्या. 1967ची यूएस विमेन्स ओपन तर फ्रान्सच्या कॅथरीन लाकोस्तने अमॅच्युअर असताना जिंकली. ते पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

आपल्याकडे वाट साधारण अशी आहे: युनियनच्या ज्युनिअर मुलींच्या स्पर्धा, मग महिलांच्या अमॅच्युअर स्पर्धा, मग ऑल इंडिया लेडीज अमॅच्युअर. त्यात आधी स्ट्रोक प्लेची (एकूण फटके मोजून) पात्रता आणि नंतर एकास एक मॅच प्ले असतो. तिथून भारतीय संघ. आशियातल्या अमॅच्युअर महिलांचा क्वीन सिरिकिट कप 1979पासून, जागतिक सांघिक स्पर्धा 1964पासून, आणि 2018पासून विमेन्स अमॅच्युअर एशिया-पॅसिफिक. ही शेवटची जिंकणारीला थेट महिलांच्या ब्रिटिश ओपनमध्ये जागा मिळते. यातलं एकही दार प्रोफेशनल मुलीला उघडत नाही.

आता स्कोअरकार्ड. इथे जरा थांबू, कारण तुमच्या घरातली शांतता या कागदांमुळे आहे आणि हे कागद वाटतात तितके वाईट नाहीत.

हँडिकॅप 9.5 म्हणजे ती सरासरीने पारपेक्षा (कोर्सला ठरवून दिलेल्या स्ट्रोकपेक्षा) साडेनऊ जास्त खेळते, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. शेवटच्या 20 राऊंडपैकी सर्वांत चांगल्या 8ची ती सरासरी आहे. म्हणजे तो आकडा तिचा चांगला दिवस सांगतो. पुण्याच्या कार्डावर महिलांच्या टीचं (सुरुवातीच्या जागेचं) रेटिंग 73 आणि स्लोप 130 छापलेलं आहे, हे दोन्ही कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे; पार 72. 9.5ला 130ने गुणून 113ने (हा मध्यम कोर्सचा स्लोप) भागा, 10.9 येतात. रेटिंग पारपेक्षा एकने जास्त आहे, तो एक मिळवा. झाले 12. म्हणजे त्या कोर्सवर चांगल्या दिवशी तिचे 84 व्हावेत आणि नेहमीच्या दिवशी 87-88. घरच्या 82शी तुलना करून तुम्ही सगळे 12 आणि 15 स्ट्रोकचं दुःख करताय. खरी घसरण पहिल्या दिवशी सहा-सातची आहे. अनोळखी कोर्स, पहिली मोठी स्पर्धा. आणि हँडिकॅपच्या हिशोबात ते 11 तसेच धरले जात नाहीत. पार चारच्या होलवर तिला एक स्ट्रोक मिळत असेल तर जास्तीत जास्त 7 धरतात. स्पर्धेच्या निकालात मात्र 11 म्हणजे 11.

त्या तेराव्या होलवर काय झालं ते तिच्या वहीवरून नीट कळतं. टीवरून चेंडू उजवीकडे, हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांकडे गेला. गेला असेल असं वाटून तिने दुसरा चेंडू मारला, पण मारण्याआधी 'प्रोव्हिजनल', म्हणजे पहिला न सापडला तरच धरायचा तात्पुरता चेंडू, असं म्हणाली नाही. पुढे गेल्यावर पहिला चेंडू हद्दीच्या आत सापडला, तो तिने खुशीत मारला. इथे घात झाला. प्रोव्हिजनल असं आधी सांगितलं नाही तर दुसरा चेंडूच खेळातला ठरतो आणि पहिला बाद होतो. टीचा पहिला फटका 1, दंड धरून 2, टीवरून पुन्हा 3. मग बाद झालेला चेंडू मारला म्हणून आणखी दोन, झाले 5. रेफरीने तिला दुसऱ्या चेंडूकडे परत पाठवलं. सहावा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), सातवा बाहेर, आठवा ग्रीनवर आणि तीन पट. अकरा. एक शब्द उच्चारला असता तर पहिल्याच चेंडूवर पाच-सहात होल संपलं असतं. यात स्विंगचा काहीही दोष नाही. पण स्पर्धेत नियम माहीत नसण्याची किंमत स्विंगच्या दोषाइतकीच असते, म्हणून रोज रात्री नियमावलीतलं एक पान तिने वाचावं. चेंडू शोधायला तीन मिनिटं, कार्डावर सही करण्याआधी प्रत्येक होलचा आकडा मार्करशी (आपला स्कोअर लिहिणाऱ्याशी) पडताळणं. खरे झाले त्यापेक्षा कमी आकड्यावर सही झाली तर साधारणपणे स्पर्धेतूनच बाद.

आता दोन दिवसांचे एकूण आकडे बघा. पट 38 आणि 40. दंडाचे स्ट्रोक 4 आणि 6. ठरलेल्या फटक्यांत गाठलेल्या ग्रीन 5 आणि 3. दिवसाला 33 पट झाले असते तर 12 स्ट्रोक वाचले असते. दंड दहावरून चारवर आणला तर आणखी 6. दोन दिवसांत 18, म्हणजे 94 आणि 97च्या जागी साधारण 85 आणि 88. म्हणजे बरोब्बर तिच्या नेहमीच्या दिवसाचा स्कोअर, ड्राइव्ह एक यार्डाने न वाढवता.

म्हणून पुढचे सहा महिने स्विंग बदलायचा नाही. आठवड्याला दहा तास मिळत असतील तर सहा तास 100 यार्डांच्या आतल्या खेळाला, त्यातले तीन नुसत्या पटिंगला. दोन तास पूर्ण स्विंग. दोन तास कोर्सवर, प्रत्येक स्ट्रोक मोजून, चेंडू न हलवता. रेंजवर बादलीभर चेंडू ड्रायव्हरने उडवणं हा सराव दिसायला भारी असतो, स्कोअरला त्याचा उपयोग थोडा.

पटिंगमध्ये तिचं काय चुकतंय ते नोंदींवरून कळतं: तीन-पट बहुतेक 30 फुटांच्या पुढून झालेत, आणि पहिला पट दर वेळी होलच्या सहा-सात फूट पुढे गेलाय. घरचा ग्रीन संथ आहे, तिथे ठोकावा लागतो. स्पर्धेचा ग्रीन दाबून कापलेला आणि वेगवान असतो. हात घरच्या ग्रीनचाच वेग धरून राहतो. उपाय घरातच आहे. गुळगुळीत फरशीवर 15 फुटांवर एक पुस्तक आडवं ठेवा आणि चेंडू पुस्तकाला टेकून थांबेल इतकाच मारायला सांगा. आवाज आला तर तो चेंडू धरायचा नाही. रोज 20 चेंडू. ग्रीनवर 20, 30 आणि 40 फुटांवरून प्रत्येकी दहा; चेंडू होलच्या अलीकडे राहता कामा नये आणि तीन फुटांपेक्षा पुढे जाता कामा नये. शेवटी तीन फुटांवर होलभोवती सहा चेंडू, सलग सगळे गेले तरच घरी. पाचवा हुकला की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, पण सतराव्या-अठराव्या होलवर हेच कामाला येतं.

चिपिंगचा (ग्रीनबाहेरून मारायच्या छोट्या फटक्याचा) खेळ असा: ग्रीनभोवती दहा जागी चेंडू टाका, प्रत्येक ठिकाणाहून एक चिप आणि मग पट. दोन स्ट्रोकमध्ये किती मिटतात ते वहीत लिहा. पुण्यात 13पैकी 2 मिटले होते. घरच्या सरावात दहापैकी पाच होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

लांबीचा प्रश्न पुढे येणारच आहे, तो लपवत नाही. महिलांच्या स्पर्धेचा कोर्स 5,800 यार्डांच्या आसपास धरला तर 190 यार्डांच्या ड्राइव्हनंतर तिच्या हातात दर वेळी लांब स्टिक उरते. ग्रीन आठच मिळाल्या त्या त्यामुळे. अमेरिकेतल्या महिलांच्या प्रो टूरवर, एलपीजीएवर, ड्राइव्हची सरासरी 250च्या आसपास आहे. पण तो वेग सोळा ते अठराच्या दरम्यान व्यायामातून वाढतो: पाय, कंबर, पाठ, आठवड्यातून तीनदा, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. आत्ता जोर लावून मारायला लावलं तर मनगट आणि कंबर दुखावेल, एवढंच.

नाशिककरांना 'गोल्फ क्लब' म्हटलं की कान्हेरे मैदान, सकाळचा जॉगिंग ट्रॅक आणि रणजीचे सामने आठवतात. तिच्या वयाच्या आणि तिच्यापेक्षा चांगल्या मुली इथे रोज भेटणार नाहीत, म्हणून बाहेर जाणं भाग आहे. वर्षाला आठ ते दहा स्पर्धा पुरे, त्यातल्या निम्म्या पुणे-मुंबईत. एक दिवस आधी पोचून सरावाचा राऊंड घ्याच. त्या राऊंडमध्ये स्कोअर करायचा नाही. प्रत्येक ग्रीनवर चार बाजूंनी पट मारून वेग बघायचा, आणि कुठल्या बाजूला चेंडू चुकला तर चालतो ते लिहून घ्यायचं. कोर्सवर स्वच्छतागृह कोणत्या होलजवळ आहे तेही त्याच वेळी बघून ठेवा; साडेचार-पाच तासांच्या राऊंडमध्ये मुलींना याची अडचण होते आणि लाजेपोटी कुणी विचारत नाही. मुंबईत खेळताना आणखी एक: नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच, चेंबूरचा कोर्स जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. खाली हवा दाट, चेंडू अंदाजे दोन टक्के कमी जातो. इथला 140 तिथे 137. पुढे बंकर असेल तर तीन यार्ड पुष्कळ झाले.

शाळा सोडायचा विचार मनातून काढा. बोर्डाची परीक्षा ऐन मोसमात येते हे खरं, तर यंदा जानेवारी ते मार्च स्पर्धा नकोत, रोज 40 मिनिटं पटिंग चालू ठेवा. दहावी-बारावीवर पुढचा एक मोठा रस्ता अवलंबून आहे: अमेरिकेतल्या विद्यापीठांची गोल्फ शिष्यवृत्ती. तिथे पहिल्या श्रेणीच्या स्पर्धांत खेळायला नववी ते बारावीतले 16 मुख्य विषय आणि ठरावीक गुण लागतात, म्हणून अकरावीला कोणतीही शाखा घेतली तरी गणित सोडू नका. तिथल्या प्रशिक्षकांना घरचे 82 नकोच असतात. ते तीन दिवसांच्या, बाहेरच्या कोर्सवरच्या स्पर्धांची सरासरी विचारतात, आणि स्विंगचा समोरून आणि मागून घेतलेला साधा व्हिडिओ. सरासरी 78च्या आत आली की पत्रव्यवहाराला अर्थ आहे. चांगल्या संघांना 73-74 लागतात. प्रोफेशनल झालेल्या मुलीला हा रस्ता उरत नाही. 2023मध्ये प्रोफेशनल होऊन पहिलीच स्पर्धा जिंकलेली रोझ झांग आधी दोन वर्षं स्टॅनफर्ड विद्यापीठासाठी खेळली होती.

बाबांसाठी एक वेगळं काम आहे. स्पर्धेत ते दोरीपलीकडून स्टिक सुचवतात असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. मुलीने "बाबा, सात की सहा?" एवढं विचारलं तरी तिला दोन स्ट्रोकचा दंड आहे, सल्ला फक्त कॅडीकडून (बॅग धरणाऱ्या मदतनिसाकडून) घेता येतो. पालकांना कॅडी होता येईल की नाही, कोर्सवर कुठवर जाता येईल, हे प्रत्येक ज्युनिअर स्पर्धेच्या अटींत लिहिलेलं असतं. त्यांनी ते वाचावं, वेळेत एंट्री भरावी, वयाचा आणि हँडिकॅपचा दाखला फाईलला लावावा, आणि राऊंडभर एक वही भरावी: होल, पट, दंड, चेंडू कुठल्या बाजूला गेला. राऊंड संपल्यावर जेवण होईपर्यंत वही बंद.

तेरावा होल तिच्याशी एकदा मोकळेपणाने बोला, अकरा कसे झाले ते कागदावर मांडून. आपण मंद आहोत म्हणून नाही, एक शब्द बोललो नाही म्हणून झालं, हे तिला आकड्यांतून दिसू दे.

आणि स्कूटर. होल-इन-वनचं बक्षीस 700 पौंडांच्या मर्यादेतून वगळलेलं आहे, तेव्हा खुशाल खेळू दे आणि लागली तर घ्या. फक्त लायसन्स मिळेपर्यंत चालवायची कुणी, ते आधी घरात ठरवा.